तेराव्या नंबरचं हळवं भात

माझ्या बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू कधी मैदानात बसून फुटबॉलची मॅच बघितली आहेस का?" गॅसवर दूध होतं, म्हणून मी घाईत "नाही रे" म्हणून टाकलं. दूध उतू गेलंच, वर खोटंही बोलून झालं. तेव्हापासून मला चैन नाही.

या सुट्टीत तुम्ही तुमच्या आवडत्या संघामागून तीन शहरं फिरणार आहात. तुमच्या बाबानं त्याचा तक्ता मला पाठवला आहे. शहर, विमान, हॉटेल, बसायची जागा, असे सरळ रकाने. शेवटच्या दोन ओळी फिकट रंगात आहेत, कारण संघ जिंकला तरच तिकडं जायचं. तक्ते करण्याची ही खोड त्याला कुठून आली हे मला चांगलं ठाऊक आहे. मीसुद्धा एका संघामागून तीन शहरं हिंडले आहे. माझ्याही पर्समध्ये एक तक्ता होता, आणि त्या तक्त्यात मी एक चूक करून ठेवली होती. ती भोगायची वेळ दुसऱ्याच कुणावर आली. तुम्ही निघायच्या आत हे तुम्हाला कळावं, म्हणून आता लिहिते आहे.

जिची ही हकिकत आहे तिला मी आधी विचारलं. ती म्हणाली, "लिवा की बाई. पन तो गोल कसा झाला ते नीट लिवा."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कडावच्या पुढं ज्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्या शाळेच्या मुलींचा फुटबॉल संघ खालापूरच्या मैदानावर जिल्ह्यात पहिला आला. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी शाळेचे खेळाचे सर मोटारसायकलवरून कर्जतच्या घरी आले. खालापूरकडचा तरुण माणूस, चहासुद्धा उभ्यानं पिणारा.

"बाई, एक काम होतं."

"इंग्रजीत पत्र लिहायचंय का?"

"नाही. कोल्हापूरपर्यंत यायचंय."

मुलींच्या संघाबरोबर कुणीतरी बाई व्यवस्थापक म्हणून असावी लागते. ती नसेल तर संघाला मैदानात उतरू देत नाहीत. शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या. राज्याची स्पर्धा. गटातले तीन सामने साताऱ्याला, जिंकलो तर पुढचा सांगलीला, पुन्हा जिंकलो तर शेवटचे दोन कोल्हापूरला. हरलो की जिथं असू तिथून परत. तुमचे आजोबा पेपरच्या आडून म्हणाले, "हरतील. जाऊन ये."

मी हो म्हणाले. खरी अडचण पुढंच होती. स्पर्धा दसऱ्यानंतर होती, म्हणजे ऐन भातकापणीत.

संघातल्या चौदाही मुली एकाच गावच्या. त्यांचं मैदान म्हणजे कापून मोकळं झालेलं भाताचं खाचर. ओढ्याकाठी एक खाचर आहे, ते दरवर्षी सगळ्यांत आधी मोकळं होतं. दोन बांबू इकडं, दोन बांबू तिकडं, की सराव सुरू. ते खाचर आमच्या गोलकीपर मुलीच्या घरचं. लहानपणापासून आपल्याच बांधावर उभी राहून आलेले बॉल परतवता परतवता ती गोलकीपर झाली. दहावीत होती तेव्हा. उंच, हाडकुळी, हात गुडघ्यापर्यंत पोचतील की काय असं वाटावं इतके लांब.

पालकांच्या सभेत तिची आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "चौदा पोरी न्हेता. कापायचं कोनी? माझा घरवाला खोपोलीला कंपनीत, त्याला सुट्टी नाय. मी एकटी. कापनीला ती घरी पायजे. नायतर नाय पाटवायची."

मला व्यवस्था लावायला आवडतं हे तुम्हाला माहीत आहे. मी खडू घेऊन उभी राहिले. गावात सावडीची पद्धत होतीच. सावड म्हणजे आज सगळ्या बायकांनी मिळून एकीचं शेत कापायचं, उद्या दुसरीचं. पैसे नाहीत, हाताला हात. मी म्हटलं, यंदा या चौदा घरांची एक सावड करू. रोज एक घर. मुलगी गावाला गेली तरी तिच्या घरच्या शेतात त्या दिवशी चौदा घरचे हात येतील. गोलकीपरच्या आईकडं वळून मी म्हटलं, "तुमचं भात उभं राहणार नाही. मी शब्द देते."

ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढचं मुलगीच बोलली. "आये, भात उभं राहिलं तर मी मॅच टाकून येईन. मग तर झालं?"

"येशील?"

"येईन."

अशी ती निघाली. तिचा शब्द आईला आणि माझा शब्द तिच्या आईला. या दोन शब्दांवर आमचा संघ पुढं जायचा होता.

आता क्रम लावायचा. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, यावरून भांडण नको म्हणून मी सगळ्यांत न्याय्य वाटला तो मार्ग धरला. शाळेच्या हजेरीपटात मुलींची नावं ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं घरांना नंबर दिले. गोलकीपरचा नंबर तेरावा. तक्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. एक प्रत शाळेच्या फळ्यावर, एक आमच्या फ्रिजवर आणि एक माझ्या पर्समध्ये.

गावाची रीत निराळी होती आणि ती मला ठाऊक नव्हती. गावात एक म्हातारी होती, तिला लहानमोठे सगळे आत्या म्हणायचे. कापणीच्या सुमाराला ती रोज सकाळी बांधाबांधानं फिरायची, प्रत्येक खाचरातली एक लोंबी तोडून दाणा दाताखाली धरायची. दाणा मऊ लागला तर पुढं जायची. कट् करून तुटला की हात वर करायची. ज्याच्या बांधावर आत्याचा हात वर, त्याचं भात उद्या. यात कुणी "माझं आधी" म्हणायचं नसतं. म्हणणं वाईट दिसतं. मी चाळीस वर्षं त्या रस्त्यानं एसटीनं गेले-आले, चाळीस वर्षं तिथलं भात खाल्लं, पण म्हातारी दाणा का चावते हे कधी खिडकीतून खाली उतरून विचारलं नव्हतं.

कर्जतहून सकाळची गाडी. चौदा मुली, सर, मी आणि बॉलची जाळी. घाट चढून गाडी मावळात आली तशी गोलकीपर खिडकीशी सरकली. बाहेर काही खाचरं पिवळी, काहींत नुसती खुंटं राहिलेली.

"बाई, इथं कापनी झाली पन."

"इकडं लवकर होत असेल."

"सगल्यांची नाय झाली. हळव्याची झाली." हळवं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मग जरा वेळानं, "आमचा नंबर कितवा लावलात?"

"तेरावा."

"तेरावा?" ती हसली. बाकीच्या मुलीही हसल्या. मला वाटलं तेरा आकड्याला हसतात. मी त्यांना तेरा आकडा अशुभ मानणं हा कसा परक्यांचा खुळेपणा आहे ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. बाईंना मध्येच तोडायचं नाही अशी सवय मीच लावली होती ना.

साताऱ्याला आमची सोय एका वसतिगृहात होती. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा जिंकला. तुमच्या आजोबांना मी रोज सकाळी फोन करायची. ते फ्रिजवरच्या तक्त्यावर खूण करायचे. शाळेच्या शिपायाला विचारून ते सांगायचे, "तीन झाले." "चार झाले." आम्ही दोघं जणू आगगाडीचं वेळापत्रक तपासत होतो. सगळं बिनचूक चाललं होतं, तरी मला स्वस्थता नव्हती. जेवायला बसले की उठून मुली मोजायची. रात्री अंथरुणावर पडले की सकाळी कोण कुठल्या बाजूनं खेळणार ते आठवायची. मला फुटबॉल कळत नव्हता, म्हणून मी दुसरंच काही ना काही मोजत बसायची.

तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुलीनं असा काही बॉल मारला की मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा आमची गोलकीपर बॉल पोटाशी धरून जमिनीवर पडली होती आणि तेरा मुली तिच्या अंगावर. आम्ही सांगलीला जाणार होतो. सर धावत धावत माझ्याकडं आले. "बाई, अभिनंदन!" आणि माझा हात आधी पर्समधल्या तक्त्याकडं गेला. तोपर्यंत, बाळांनो, मला मनातून खात्री होती की आम्ही साताऱ्याहून परतू. जिंकलो म्हणजे घर आणखी लांब गेलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, तो कागद बघू?"

मी पर्समधून काढून दिला. तिनं बोट फिरवत वाचला. "आट, नऊ, धा, अकरा, बारा. या पाचजनींचं गरवं हाय."

"असेल. सगळ्यांचं होईल गं. रांग म्हणजे रांग."

ती "बरं" म्हणाली. तिच्या आईसारखंच. आता मला कळतं की त्या घरात "बरं" म्हणजे होकार नसतो.

सांगलीचा सामना सकाळी होता. बरोबरी, मग पेनल्टी. समोरच्या मुलींच्या दोन पेनल्ट्या तिनं अडवल्या. दुसरी अडवताना तिचं कोपर सोलवटलं. मी डेटॉल लावत होते, तेवढ्यात आजोबांचा फोन आला. "आज सातवा नंबर चालू आहे. आणि इकडं दोन दिवस दुपारी गडगडतंय. परतीचा पाऊस दिसतोय. कपडे आत घेतलेत." कपड्यांचं सांगून त्यांनी फोन ठेवला. फोन माझ्या हातात होता, पण आवाज मोठा असल्यामुळं तिनं सगळं ऐकलं होतं. डेटॉल लावलेलं कोपर तिनं काढून घेतलं.

"बाई, मला घरी जायाचंय."

"अगं, उद्या कोल्हापूर. उद्याच तर."

"आमचं हळवं हाय, बाई." ती मोठ्यानं बोलली. तिचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "हळवं आदी पिकतं. गरवं महिनाभर थांबतं, हळवं नाय थांबत. लोंबी सुकली की दाना गळतो. वरून पाऊस लागला की सगलं आडवं. मग चिखलात कोंब फुटतात. ते मानसांनी खायाचं भात आमचं, वर्साचं. तुमी तेरावा नंबर लावलात. तेराव्या दिवशी तिथं काय कापनार, कोंब?"

मी म्हटलं, "मग सभेत कुणी बोललं का नाही?"

"तुमी लिवलं व्हतं ना फळ्यावर."

फळ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं खोडायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं. त्यांच्या आयांनाही मीच शिकवलं होतं, त्यातल्या निम्म्या माझ्याच विद्यार्थिनी.

मी तिच्या आईला फोन लावला. "मी चुकले. तुमचं भात आधी कापायला हवं होतं. उद्याच कापून घ्या."

"उद्या आटवा नंबर हाय बाई. तिची पाळी."

"तिचं गरवं आहे, ते थांबेल. तुम्ही तिला सांगा."

"मी कशी सांगू? माझं आदी करा म्हनू? तसं नाय म्हनत कोन." मग हळूच विचारलं, "पोर कशी हाय?"

"जिंकली. दोन पेनल्ट्या अडवल्या."

"मंग खेळू द्या तिला. तिला नका सांगू भाताचं."

"तिनंच मला सांगितलं."

मग ती म्हणाली, "येईल म्हनली व्हती ती. सबदाची पक्की हाय. तुमी बगा."

म्हणजे माझ्या हजेरीपटाचा हिशेब असा झाला होता: मुलगी दिलेला शब्द पाळायला निघाली, तर संघाला गोलकीपर नाही. मी तिच्याबरोबर निघाले, तर संघाला बाई नाही, म्हणजे संघच नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलीला एकटीला सांगलीहून कर्जतला पाठवणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, "बाई, तुम्ही तिला समजवा." मी म्हटलं, "समजून मी घ्यायचंय, तिनं नाही."

दिवस मावळायच्या आत मी आत्याला गाठलं. तिच्याकडं फोन नाही. शेजारणीच्या फोनवर तिला बोलावलं. मी माझं सगळं सांगून संपवलं, तशी ती कडाडली.

"तुमी कागूद लावलात, म्हनून मी यंदा बांदावर गेलेच नाय! मी म्हनले, शिकल्या-सवरल्या बाईनं लिवलंय, माझ्या दातांची आता काय गरज?"

"गरज आहे, आत्या. आत्ता जा. उजेड आहे तोवर."

"दात तीनच ऱ्हायलेत."

"तीन पुरेत."

"आनि आटव्या नंबरवालीला कोन सांगंल?"

"तुम्ही सांगा. माझं नाव सांगा. सांगा, बाईची चूक झाली, फळ्यावरचं पुसलं."

"पुसू?"

"पुसा."

बाळांनो, त्या रात्री मी फार कमी झोपले, एवढंच लिहिते. सकाळी सांगली स्टेशनवर आलो तर गोलकीपर बाकीच्यांपासून लांब, आपली बॅग पायाशी घेऊन उभी. कोल्हापूरची गाडी यायला अर्धा तास होता. सांगलीच्या मुक्कामातल्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारून तिनं पुण्याकडं जाणाऱ्या गाडीची वेळही काढली होती. ती त्याआधी दहा मिनिटं येणार होती.

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. मला म्हणायचं होतं, चल, मी येते तुझ्याबरोबर. तेच म्हणालेही. आणि म्हणताच तिनं मान वळवून तेरा मुलींकडं पाहिलं. त्या जाळीतल्या बॉलवर बसून वडापाव खात होत्या. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला कळलं की मी पुन्हा चुकले. माझ्या चुकीचं ओझं मी तिच्याच डोक्यावर देत होते आणि वर त्याला सोबत म्हणत होते.

"थांब," मी म्हटलं. "आत्याचा फोन येऊ दे. तोवर कुठल्याच गाडीत चढू नकोस."

पुण्याकडची गाडी आली. दोन मिनिटं थांबली. ती डब्याच्या दारापर्यंत गेली. हात दांडीला लावला. बॉलवर बसलेल्या मुलींचं खाणं थांबलं होतं.

फोन वाजला. मी उचलून सरळ तिच्या कानाला लावला. आत्याचा आवाज प्लॅटफॉर्मवर सगळ्यांना ऐकू येत होता.

"कोन, तू हायस का गं? कट् करून तुटला गं दाना. काल सांच्यालाच तुटला. आटवी म्हनली, माझं उभं राहूं दे, गरवंच हाय. मी हाय, तुझी आय हाय, बाराजनी हायत. तिघी आता येतात. आर्धं खाचर कापून झालं. तू तिकडं काय करतेस?"

"गाडीत चढते, आत्या."

"कंच्या?"

गाडीनं शिट्टी दिली. दांडीवरचा हात तिनं काढला. "कोल्लापूरच्या," ती म्हणाली.

कोल्हापुरात फुटबॉल बघायला माणसं कशी येतात हे तुम्हाला सांगून पटणार नाही. शाळेच्या मुलींचा सामना, तरी पायऱ्या भरलेल्या. माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या दोघी जावा बसल्या होत्या. सोबत शेंगदाण्यांचा डबा.

"कुठनं आलाईसा, आजी?"

"कर्जतहून."

"ते कुठं आलं?"

"घाटाखाली. भाताचा मुलूख."

"तुमची गोलकीपर लई भारी हाय की! नुसती माकडागत उडती!" असं म्हणून त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले. मध्यंतरापर्यंत गोल कुणाचाच नव्हता. मी शेंगदाणे खायच्या ऐवजी मोजत बसले. आजोबांचा फोन: "इकडं आभाळ भरलंय." मी मैदानातल्या मुलीला हे सांगितलं नाही. पण आभाळ कोल्हापुरावरही भरून येत होतं, आणि ते सांगायला फोन लागत नाही.

गोल असा झाला. सामना संपायला फार वेळ नव्हता. समोरच्या मुलीनं बॉल मारला, तोही लांबून, फार जोरात नव्हे. असे बॉल आमची गोलकीपर झोपेत धरायची. त्या वेळी ती धरायला गेली, पण उशिरा. बॉल तिच्या हाताखालून आत गेला. शेजारच्या जावा "अरारारा" म्हणाल्या. सरांनी टोपी जमिनीवर टाकली. आम्ही एका गोलनं हरलो.

लोकांना वाटलं, पाय घसरला. सरांना वाटलं, कोपर दुखत होतं. परतीच्या गाडीत मिरज गेल्यावर ती मला म्हणाली, "बाई, मी ढगाकडं बघत व्हते. आपल्याकडं बी असाच काळा आसंल, म्हनून. एवढंच बघितलं. तेवढ्यात बॉल आला."

मी तिची माफी मागितली. इंग्रजीत 'सॉरी' म्हणणं सोपं असतं, ते मी जन्मभर वर्गात शिकवलं. मराठीत ते शब्द जुळवायला मला मिरजेपासून कराडपर्यंत वेळ लागला. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ऱ्हाऊं द्या वो. तुमी फळा पुसायला सांगितला ना."

कर्जतला उतरलो तेव्हा रिमझिम होती. मी घरी न जाता मुलींबरोबर जीपमध्ये बसून गावात गेले. ओढ्याकाठचं खाचर बघितलं. बराचसा भाग कापून झाला होता. भारे बांधून पडवीत नेऊन ठेवले होते. ओढ्याकडचा एक कोपरा मात्र राहिला होता, कापणाऱ्या तिथं पोचेपर्यंत पाऊस आला होता. तिथलं भात झोपलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याला कोंब आले. ते कोंबड्यांना गेलं. मी तो कोपरा अजून विसरले नाही. वर्षाच्या खाण्यातलं किती गेलं असं मी तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "गेलं ते गेलं. ऱ्हायलं ते खायाचं."

आत्या बांधावर बसली होती. मला बघून म्हणाली, "काय बाई, जिंकलात का?"

"हरलो."

"मंग बरं झालं. आनखी एक गाव गेला असतात तर माझे हे तीन दात पन गेले असते."

सगळ्या हसल्या. गोलकीपरसुद्धा हसली, पण एकदाच आणि पटकन. मग ती बांधावरून खाली उतरली आणि ओल्या खुंटांतून चालत गोल जिथं असतो तिथं जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिथंच होती. तिच्या आईनं मला घरात नेऊन नव्या भाताची पेज दिली आणि जाताना म्हणाली, "बाई, पुढल्या वर्षी पन कागूद लावा. पोरी जातीलच कुठंतरी. पन आदी आत्याला बांदावर फिरवा, मंग लावा."

तसंच केलं. पुढच्या वर्षी मी वही घेऊन आत्याच्या मागून फिरले. तिनं दाणा चावला की मी लिहायची. चिखलात माझी चप्पल दोनदा रुतली. त्यानंतरच्या वर्षी आत्या गेली.

तुमच्या बाबाच्या तक्त्यात काही चूक नाही, मी तो दोनदा तपासला आहे. फक्त त्या शहरांत पोचलात की स्टेडियमबाहेर कुणी भाजी विकणारा, झाडणारा, जागा दाखवणारा दिसला तर त्याला विचारा, तुझं काय पिकतं इथं, आणि कधी. तक्त्यात ते लिहिलेलं नसतं.

मी आता प्रवास करत नाही. आमचा तो संघ पुन्हा कोल्हापूरपर्यंत पोचला नाही. ती मुलगी खोपोलीला नर्सिंग शिकते आणि सुट्टीत घरी येते. दाणा आता तिची आई चावते, ओढ्याकाठचं हळवं भात अजून गावात पहिलं कापलं जातं, आणि ते कापलं की त्याच खुंटांत चार बांबू रोवून मुलींचा सराव सुरू होतो.